नदीचे पाणी काठातून कोठे जाते?

(येरळाकाठच्या एका गावी, ग्रामसभेच्या आदल्या रात्री शाळेच्या पटांगणात एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



मी इंजिनियर नाही, भूगर्भशास्त्रीही नाही. बारावीनंतर अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढून आलेला आणि वीस-बावीस वर्षे खेड्यातल्या पोरांकडून बाराखडी व पाढे म्हणवून घेणारा मी एक मास्तर आहे. तेव्हा मोठमोठ्या शब्दांची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये. उद्या ग्रामसभा आहे. तिच्यापुढे दोन प्रश्न येणार आहेत. पहिला, आपल्या शिवारातील नदीच्या वाळूचा लिलाव व्हावा अशी शिफारस गावाने करावी काय? दुसरा, नदीचे पात्र यंत्र लावून खोल करून घ्यावे काय? हात वर करावयाचा की खाली ठेवावयाचा, हे तुमचे तुम्ही ठरवाल. परंतु ज्या वस्तूचा सौदा करावयाचा ती वस्तू काय आहे हे न समजता जो अंगठा उठवतो तो फसतो, ही गोष्ट आपले आजे-पणजे सावकाराच्या ओट्यावर पुष्कळ सोसून शिकले. त्यांस अक्षर येत नव्हते म्हणून कागद वाचता आला नाही. आपल्याला अक्षर येते, पण नदी वाचता येते काय? आज ती थोडी वाचून पाहू.

गेल्या माघ महिन्यात चौथीतल्या एका मुलीने मला वर्गात विचारले, "गुरुजी, पाऊस तर दिवाळीच्या आधीच थांबला. मग अजून ओढ्याला पाणी येते कोठून?" मी झटकन सांगून टाकले, "डोंगरातून." ती गप्प बसली, पण माझे मन काही गप्प बसेना. डोंगर म्हणजे काय रांजण आहे, की तोटी उघडली आणि पाणी आले? पोरीने खरा प्रश्न विचारला होता आणि मास्तराने त्यावर नुसते झाकण ठेवले होते. मग मी पुस्तके चाळली, जाणत्या लोकांस विचारले आणि शेवटी मुलांना घेऊन एक साधा प्रयोग केला. तो प्रयोग या टेबलावर आणून ठेवला आहे.

हे एक मोठे घमेले आहे. यात नदीची वाळू भरून ओली केली व थापली. एका अंगाला चर पाडला, ती आपली नदी. दुसऱ्या अंगाला तळ कापलेला डबा उभा रोवून त्याच्या आतली वाळू काढली, ती आपली विहीर. दोहोंच्या मधे वीतभर वाळू आहे, तो आपला काठ. आता चरात तांब्याभर पाणी ओतले. डब्यात कोणी थेंब टाकला नाही, तरी थोड्या वेळाने डब्यात पाणी चढले. मग मुलांनी वाटीने चरातले पाणी काढले, तेव्हा डब्यातले पाणी उतरू लागले आणि चरात परत झिरपू लागले. पुढे चर भरून डबा उपसला, तर चर आटू लागला. एवढे झाल्यावर एका मुलाने खोडी केली. पाणी न काढता चरातली वाळूच मुठीने काढून चर खोल केला आणि खालच्या कडेने पाण्याला वाट करून दिली. डब्याला कोणी हात लावला नव्हता. तरी डबा कोरडा पडला!

बंधूंनो, माझे सारे भाषण या घमेल्यात आहे. पुढे जे सांगणार ते याचाच विस्तार आहे.

आपण म्हणतो, नदी वेगळी आणि विहीर वेगळी. कचेरीतही तसेच चालते. विहीर शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर, नदीचे पाणी जलसंपदा खात्याकडे, वाळू महसूल खात्याकडे आणि नळाची योजना जिल्हा परिषदेकडे. चार टेबले, चार कारकून, चार फायली. पण जमिनीखालच्या पाण्याला सातबारा ठाऊक नाही. काठाच्या आत जे पाणी भरले आहे आणि पात्रात जे वाहते आहे, ते एकच पाणी आहे. जिथे त्याची पातळी उंच तिथून जिथे सखल तिकडे ते मातीच्या कणांमधून सरकते. नदी उंच असेल तर नदीतून काठात, आणि काठातले पाणी उंच असेल तर काठातून नदीत. यात कोणाचा वशिला चालत नाही.

हे किती वेगाने सरकते, याचा नियम फ्रान्समधील हेन्री दार्सी नावाच्या इंजिनियराने १८५६ साली प्रसिद्ध केला. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम त्याने केले होते. त्याने उभ्या नळात वाळू भरली, वरून पाणी सोडले आणि खालून किती निघते ते मोजले. दोन टोकांच्या पातळीतला फरक दुप्पट केला तर पाणी दुप्पट निघते, वाळूचा थर दुप्पट लांब केला तर निम्मे निघते, आणि वाळू जाड की बारीक यावर तर सारेच अवलंबून. जाड वाळूतून पाणी दिवसाला काही मीटर चालू शकते. घट्ट चिकण मातीतून वर्षात वीतभर सरकणेही त्याला जड जाते. आजचे सारे भूजलशास्त्र या नियमाच्या पायावर उभे आहे.

आता हा नियम घेऊन आपल्या येरळेचे बारा महिने पाहू.

श्रावण-भाद्रपदात पूर येतो. नदीची पातळी काठातल्या पाण्याहून वर चढते. आपण देवळाच्या पायरीवर उभे राहून वाहून जाणारे पाणी पाहतो, पण त्याच वेळी दोन्ही काठांच्या पोटात पाणी आडवे शिरत असते, ते आपल्याला दिसत नाही. पूर ओसरला की हेच पाणी उलटे फिरून हळूहळू नदीत येऊ लागते. पुराचा जोर एक-दोन दिवसांचा, पण काठातले पाणी आठवडेच्या आठवडे, कोठे कोठे महिनेही, परत येत राहते. पूर्वी आपल्या वाड्यांत धान्याचे पेव असे. सुगीत भरावयाचे आणि अडचणीच्या दिवसांत काढावयाचे. काठ हे नदीचे पेव आहे.

याशिवाय शेताशेतात पडलेला पाऊस मुरतो, मुरमातून उतरतो आणि उताराने नदीकडे येतो. म्हणून कार्तिकापासून माघापर्यंत आभाळात ढग नसताही ओढ्याला पाणी दिसते. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. ते पाणी डोंगराच्या तोटीतून येत नाही. ते तुमच्या-आमच्या बांधांखालून, विहिरींच्या शेजारून, काठातून पाझरत येते. या दिवसांत नदी घेणारी असते आणि शिवार देणारे असते.

फाल्गुन लागला की विहिरींवरच्या मोटारी सुरू होतात. ऊस, द्राक्षबाग, डाळिंब, सगळ्यांना पाणी पाहिजे. विहिरी उपसल्या की काठातली पातळी नदीच्या खाली जाते आणि वारे उलटे फिरते. आता नदी देणारी होते. डोहात उरलेले पाणी काठातून विहिरीकडे ओढले जाते. म्हणून जो म्हणतो, "मी नदीत मोटार टाकलेली नाही, माझी स्वतःची विहीर आहे," त्याची विहीर काठालगत असेल तर तो नदीच उपसतो आहे, फक्त मातीच्या पडद्याआडून. मी कोणास दोष देत नाही. माझ्या भावाचीही अशीच विहीर आहे.

आम्ही हे मुलांकडून तपासून घेतले. घर बांधताना गवंडी पातळी जुळवण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात. तीच नळी घेऊन आम्ही टप्प्याटप्प्याने नदीपासून काठच्या विहिरीपर्यंत पातळी नेली आणि विहिरीत दोरी सोडून पाणी मोजले. दिवाळीच्या सुटीनंतर विहिरीचे पाणी नदीच्या पाण्याहून हातभर उंच होते. वार्षिक परीक्षेच्या सुमारास तेच नदीच्या खाली गेले होते. सहावीच्या पोरांना जे मोजता आले ते ग्रामपंचायतीला मोजता येणार नाही काय?

कोणी म्हणेल, गुरुजी, घमेल्यात सगळीकडे वाळू आहे, आपली जमीन तशी कोठे आहे? ही शंका रास्त आहे. महाराष्ट्राचे पाचांपैकी चार हिस्से काळ्या पाषाणाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून हा दगड झाला. अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. त्याच्या भेगा, सांधे, वरचा कुजलेला मुरूम आणि भोके-भोके असलेला मांजऱ्या, यांत काय ते पाणी राहते. विहीर पाडणारे जाणते लोक "मांजऱ्या लागला" म्हणून का हरखतात, ते आता समजले असेल. म्हणजे आपले कोठार मुळातच उथळ आणि लहान आहे. गंगा-यमुनेच्या मैदानात शेकडो फूट खोल गाळ-वाळू आहे, तशी आपली ऐपत नाही. आपल्याला मिळाली ती नदीकाठची थोडी गाळाची पट्टी आणि पात्रातली थोडी वाळू. ज्याच्या घरात पुष्कळ कणग्या आहेत त्याची एक फुटली तर चालते. ज्याच्या घरी एकच आहे त्याने ती जपावयास नको काय?

आता त्या कणगीत किती मावते ते मोजू. पाचवीचे गणित आहे, मुलांनो, लक्ष द्या. एक किलोमीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि दोन मीटर खोल वाळूचा थर धरा. हा झाला एक लाख घनमीटर. अशा वाळूत पाणी भरले आणि ते निथळू दिले, तर अंदाजे पाचवा हिस्सा पाणी मिळते. बाकीचे कणांना चिकटून राहते. म्हणजे वीस हजार घनमीटर, अर्थात दोन कोटी लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. दोन हजार वस्तीच्या गावाला दिवसाला १ लाख १० हजार लिटर लागतील. भागाकार करा. १८१ दिवस! सहा महिन्यांचे पाणी, आणि ते टाकी न बांधता, लोखंड-सिमेंट न लावता, नदीने स्वतः आणून टाकलेल्या वाळूत. शिवाय उघड्या तळ्याचे पाणी सूर्य पितो. हात-दीड हात वाळूखाली दडलेले पाणी त्याच्या फारसे हाती लागत नाही.

हेच गणित ब्रासमध्ये करा, कारण उद्या बोली ब्रासवर होणार आहे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. त्यात साडेपाचशे लिटरहून थोडे अधिक पाणी मावते. चार ब्रासचा डंपर भरून गेला की सव्वादोन हजार लिटर पाण्याची जागा गावाबाहेर गेली. तीही एका सालापुरती नव्हे. वाळू जागेवर राहती तर ती जागा दर पावसाळ्यात पुन्हा भरली असती. नवी वाळू येते, हे खरे. पण ती वरून पुराबरोबर सावकाश येते आणि वर बंधारे-धरणे असली की आणखी कमी येते. यंत्र एका रात्रीत जेवढे उचलते तेवढे आणावयास नदीला किती पावसाळे लागतात, ते ठेकेदाराच्या पावतीवर लिहिलेले नसते.

आणि एवढ्यावरच नुकसान थांबत नाही. घमेल्यातला तो खोडकर मुलगा आठवा. वाळू काढली की पात्राचा तळ खाली जातो. तळ खाली गेला की नदीची पातळी खाली जाते. काठातले पाणी आता जास्त उंचीवरून खाली पाहू लागते, म्हणून दार्सीच्या नियमाप्रमाणे ते अधिक वेगाने नदीत ओघळते. जे पाणी फाल्गुनापर्यंत काठात राहावयाचे ते पौषातच निघून जाते. पाणी चोरले कोणी? कोणीच नाही. पेवाच्या बुडाला भोक पडले, एवढेच.

दुसऱ्या ठरावाचे उत्तरही यातच आहे. पात्र खोल केले की पाणी जास्त राहते, असे आपल्याला वाटते, कारण खड्ड्यात पाणी दिसते. पण ते पाणी आले कोठून? पात्र काठातल्या पाण्याच्या पातळीखाली नेले, तर त्या खड्ड्यात आपल्याच विहिरींचे पाणी येऊन उघड्यावर पडते. २०१४ नंतर जलयुक्त शिवार अभियानाच्या काळात राज्यात ठिकठिकाणी नाले खोल-रुंद झाले. त्यावर भूजलाच्या अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला होता की, मुरूम-मांजऱ्याचे पाणी धरणारे थर उकरून काढणे म्हणजे पाणी साठवणे नव्हे. मात्र एक भेद ध्यानात ठेवा. गाळ वेगळा आणि वाळू वेगळी. बंधाऱ्यामागे पाणी तुंबले की बारीक चिकट गाळ तळाशी बसतो आणि वाळूची तोंडे बंद करतो. मग वर पाणी असूनही शेजारची विहीर कोरडी राहते. तो गाळ अवश्य काढावा, शेतात घालावा, जमिनीचे सोने होईल. गाळ काढा, वाळू राहू द्या आणि वाळूखालच्या मुरमाला हात लावू नका.

माताभगिनींनो, आता तुमच्या अनुभवाची गोष्ट. माझ्या लहानपणी आई उन्हाळ्यात पात्रात झिरा पाडी. कोपरभर वाळू उकरली की पाणी लागे. पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे आणि मग वाटी-वाटीने कळशी भरायची. शेजारच्या डोहात म्हशी बसलेल्या असत, डोहाचे पाणी हिरवे आणि झिऱ्याचे मात्र नितळ. ही जादू नव्हे. वाळूचे कण घाण अडवतात आणि कणांवर राहणारे डोळ्यांस न दिसणारे जीव ती खाऊन टाकतात. जर्मनीत डुसेलडॉर्फ शहर १८७० पासून ऱ्हाईन नदीच्या काठच्या विहिरींतून असे काठातून गाळून आलेले पाणी घेत आले आहे. आपल्याकडे हरिद्वारला गंगेच्या काठी मोठ्या व्यासाच्या विहिरी याच तत्त्वावर चालतात. म्हणजे ज्या विद्येसाठी शहरे मोठमोठे खर्च करतात ती आमच्या आयांच्या हातात होती. त्यांना अडाणी कोणी म्हणावे?

पण येथे एक सावधगिरीही सांगतो, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ होईल. काठ सगळी घाण गाळत नाही. पाण्यात विरघळलेले खताचे नायट्रेट, क्षार व काही औषधे वाळूतून तशीच पार जातात. पाणी ज्या वाटेने नदीतून विहिरीत येते त्याच वाटेने नदीची घाणही येऊ शकते. गावाची गटार नदीत सोडायची आणि काठच्या विहिरीचे पाणी नळाला द्यायचे, हे आपण आपल्याच पोरांना पाजतो आहोत. म्हणून विहिरीत टीसीएल टाकणे आणि पाणी तपासून घेणे चुकवू नये. आणि वाळूचा थर पातळ झाला की गाळणीही पातळ होते, हेही विसरू नये.

आता खरा प्रश्न. वाळू गेली तर मरणार कोण? ज्याच्याकडे पैसा आहे तो सहाशे फूट बोअर मारील. ती कोरडी गेली तर दुसरी मारील, तिसरी मारील. टँकर विकत घेईल, बाग जगवील. टेंभू योजनेचे पाणी ज्याच्या बांधाला आले आहे तो काही काळ निश्चिंत राहील. पण खालच्या वस्तीची सार्वजनिक विहीर उथळ आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा तिला चैत्रापर्यंत पाणी असे. मागे एका ठेकेदाराने वरच्या अंगाला रात्रीच्या रात्री पात्र उकरले आणि त्यानंतरच्या वर्षांत ती मार्गशीर्षातच तळ दाखवू लागली. त्या वस्तीतल्या मुली उशिरा शाळेत येतात. हजेरीपटावर मी "गैरहजर" लिहितो, पण खरे पाहता त्या पोरी गैरहजर नसतात, त्या पाण्याच्या रांगेत हजर असतात. लिलावाचा पैसा पंचायतीच्या वहीत दिसतो. त्या मुलींचे बुडालेले तास कोणत्या वहीत लिहावेत?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो. घरकुल बांधणाऱ्याला वाळू लागतेच. वाळू भरणाऱ्या मजुराला चार पैसे मिळतात. वाळूचा कणही हलवू नये असे मी म्हणत नाही. नदीत भर पडते तेवढीतून मोजून, हाताने, ठरल्या जागेवरून आणि गावाच्या गरजेपुरती वाळू घेता येईल. मोठ्या बांधकामाला दगड भरडून केलेली वाळू चालते. आणि कायदा कोठे नाही असेही नाही. २०१२ साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाळूचे लहान पट्टे देखील पर्यावरणाच्या परवानगीवाचून देऊ नयेत असे सांगितले. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक नियमांत तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे आधी लागेल त्याच्या खाली खोदू नये असे म्हटले आहे. पण रात्री दोन वाजता नदीत कायदा उभा नसतो. तिथे गावच उभा राहिला पाहिजे.

आणि गाव उभा राहू शकतो, याचा दाखला परमुलखातून आणावयास नको. आपल्याच येरळेवर बलवडी व तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात तो घालून दिला. दुष्काळाने गांजलेले आणि मुंबईतील १९८२ च्या गिरणी संपानंतर गावी परतलेले लोक एकत्र आले, मुक्ती संघर्ष चळवळीत सामील झाले आणि त्यांनी विचारले की, नदीची वाळू ठेकेदाराने का न्यावी? त्यांनी बेबंद उपशाला विरोध केला, मर्यादित वाळू स्वतः विकून पैसा उभा केला आणि त्या पैशात श्रमदानाची भर घालून बंधारा बांधला. त्याला नाव दिले बळीराजाचे. पाणी घरटी सारखे वाटावे आणि भूमिहीनालाही त्यात हक्क असावा, ही त्यांची मागणी होती. वाळू त्यांनीही विकली, हे ध्यानात घ्या. पण ती नदीचेच पाणी अडवण्यासाठी विकली, आणि ठरवणारा गाव होता. नदी विकून खाणे वेगळे आणि नदीच्या पोटचे नदीला परत देणे वेगळे.

बळीराजाचे नाव आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी पुन्हा ठेवणारे जोतीराव फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात त्यांनी सरकारला सुचवले की, सरकारी पलटणीतील शिपायांच्या मदतीने ठिकठिकाणी तालीवजा बंधारे असे बांधावेत की, पावसाचे पाणी आधी शेतांत मुरावे आणि मग नदीनाल्यांस मिळावे. आधी मुरावे आणि मग मिळावे! शास्त्रज्ञ आज यंत्रे लावून जे दाखवतात त्याचे मर्म त्यांनी त्या वेळी हेरले होते. पाण्याने नदीत जाण्यापूर्वी जमिनीच्या पोटातून जावे, यातच शेतकऱ्याचे कल्याण आहे. आपण मात्र त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि बांध फोडून पाणी सरळ नदीत घालवतो.

तर मग करावे काय? माझ्या अल्पबुद्धीने पाच गोष्टी सुचवतो. एक, लिलावाला शिफारस देऊ नये. गावाच्या गरजेची वाळू ग्रामसभेने मोजून द्यावी. दोन, पात्र खोल करू नये, बंधाऱ्यातला चिकट गाळ तेवढा काढावा. तीन, ओढ्या-नाल्यांवर बांध-ताली दुरुस्त कराव्यात, म्हणजे पाणी आधी मुरेल. चार, काठापासून काही अंतरावरच्या पाच विहिरींची आणि नदीची पातळी दर अमावस्येला मोजून शाळेच्या भिंतीवर लिहावी. ते काम माझी मुले करतील, फुकट करतील. पाच, त्या भिंतीवरचे आकडे पाहून काठच्या विहिरींच्या मोटारींचे तास गावाने ठरवावेत. वाळू राखायची आणि मोटारी चोवीस तास चालवायच्या, तर ठेकेदाराने नेले नाही ते आपणच नेले असे होईल. ही पाचवी गोष्ट माझ्या भावाला आवडणार नाही, मला ठाऊक आहे. तो समोरच बसला आहे. पण ती सांगितल्यावाचून पहिल्या चार सांगण्याचा अधिकार मला राहत नाही.

मंडळी, रात्र बरीच झाली. हे घमेले मी येथेच ठेवून जातो. चरात पाणी भरले आहे, डब्यातही पाणी आहे. घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने पुढे यावे, चरातली फक्त एक मूठ वाळू काढावी आणि डब्याकडे पाहावे. एका मुठीने काही दिसणार नाही. सारा गाव एकेक मूठ काढून गेला की काय होते ते शेवटच्या माणसाला दिसेल. आपल्या गावात तो शेवटचा माणूस कोण आहे, हे सांगण्याची गरज नाही. उद्या हात वर करताना त्याची आठवण ठेवा. इतके बोलून मी आपली रजा घेतो.